झाडासाठी, नाल्यासाठी रस्त्यावर उतरताना: बेळगाव-खानापूर भागात आंदोलनाचा हक्क कसा वापरायचा

रस्त्याकडेच्या जुन्या आंब्याची साल हातभर तासून तिथे रंगाने आकडा टाकलेला दिसला, की ते झाड मोजणीत आले असे समजावे. करवत लागायला अजून अवकाश असतो, कधी आठवडा, कधी वर्ष. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात झाड, तळे, नाला किंवा पिकाऊ जमीन वाचवायची धडपड याच मधल्या काळात होते. त्यातला निम्मा काळ तीन प्रश्नांत जातो: मोर्चाला परवानगी मिळेल का, नाही मिळाली तर काय, आणि केस झाली तर पोरांच्या नोकरी-पासपोर्टचे काय.

गावात या प्रश्नांची दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक म्हणतो, घटनेने हक्क दिलाय, परवानगी कसली मागायची? दुसरा म्हणतो, जमावबंदी लागली, आता गप्प घरात बसा. दोघेही चुकतात. आंदोलनाची जागा, वेळ आणि वाट सरकार ठरवून देऊ शकते, पण ते लेखी, कारण सांगून आणि ठरावीक मुदतीपुरतेच. खाली जे काही आहे, ती याच एका वाक्याची फोड आहे.

तुरुंगातून थेट विधिमंडळात

आंदोलन, न्यायालय आणि निवडणूक एकमेकांत कशी गुंततात हे समजून घ्यायला ऑस्ट्रेलियातल्या बॉब ब्राउन यांची कारकीर्द पाहावी. जन्म १९४४ चा, पेशा डॉक्टरचा. १९७२ मध्ये ते टास्मानिया बेटावर राहायला गेले. तिथल्या फ्रँकलिन नदीवर राज्याच्या वीज मंडळाला धरण बांधायचे होते. ब्राउन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७६ मध्ये वाइल्डरनेस सोसायटी उभी केली आणि १४ डिसेंबर १९८२ पासून नदीवर नाकेबंदी सुरू केली. नदीवर जाण्याआधी कार्यकर्त्यांना अहिंसेचे प्रशिक्षण दिले जाई: पोलिसाने धरले तर अंग सैल कसे सोडायचे, धक्काबुक्की कशी टाळायची, चिडलेल्या सोबत्याला मागे कसे घ्यायचे. बाराशेहून अधिक लोकांना अटक झाली. आरोप साधाच होता, वीज मंडळाच्या ताब्यातल्या जागेत बेकायदा प्रवेश. जामिनाची अट मात्र जड होती: त्या जागी पुन्हा पाऊल ठेवायचे नाही. ब्राउन यांनी अट नाकारली आणि १९ दिवस तुरुंगात काढले. जानेवारी १९८३ मध्ये सुटले आणि दुसऱ्याच दिवशी राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर राज्याच्या विधिमंडळात सदस्य म्हणून बसले.

धरण नाकेबंदीने थांबले, असे बरेच जण सांगतात. तसे झाले नाही. ५ मार्च १९८३ च्या निवडणुकीत केंद्रातले सरकार बदलले, नव्या सरकारने धरण रोखणारा कायदा केला, राज्य त्याविरुद्ध लढले आणि १ जुलै १९८३ रोजी तिथल्या सर्वोच्च पीठाने ४ विरुद्ध ३ अशा निसटत्या बहुमताने केंद्राची बाजू उचलून धरली. नाकेबंदीने मिळवून दिले ते सहा-सात महिने, आणि देशभर पोचलेला प्रश्न. हे महिने मिळाले नसते तर निकाल लागेपर्यंत वाचवायला फारसे काही उरले नसते.

ब्राउन १९९६ मध्ये सिनेटवर निवडून आले, २००५ ते २०१२ ग्रीन पक्षाचे नेते होते, मग निवृत्त झाले. आपल्याला जास्त उपयोगी आहे ती निवृत्तीनंतरची गोष्ट. टास्मानियाने २०१४ मध्ये एक कायदा केला. कामाच्या जागेत किंवा तिथे जाण्याच्या वाटेवर आंदोलक अडथळा आणतोय असे पोलिसाला वाटले, तर तो त्याला तिथून हाकलू शकत होता. हाकललेला माणूस चार दिवसांत परतला तर १०,००० डॉलरपर्यंत दंड. जानेवारी २०१६ मध्ये लापोइन्या जंगलात वयाच्या ७१ व्या वर्षी ब्राउन यांना या कायद्याखाली अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले, कारण नेमक्या हद्दीबद्दल पोलिसांचीच चूक झाली होती. ब्राउन तिथे थांबले नाहीत. त्यांनी कायद्यालाच आव्हान दिले आणि १८ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यातली मुख्य कलमे रद्द झाली. न्यायालयाचे म्हणणे सोपे होते. धंद्याचे संरक्षण हा हेतू गैर नाही, पण घनदाट जंगलात ‘कामाची जागा’ कुठे संपते हे पोलिसालाही कळत नाही आणि आंदोलकालाही कळत नाही. मग पोलीस जास्तीची हद्द धरतो आणि जिथे उभे राहायचा पूर्ण हक्क आहे तिथूनही माणूस हुसकला जातो.

लक्षात घ्या, ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्य शब्दांत लिहिलेलेच नाही, न्यायालयाने ते लोकशाहीच्या रचनेतून काढले. आपल्याकडे ते पांढऱ्यावर काळे लिहिलेले आहे. तरीही टास्मानियाने २०२२ मध्ये नव्याने कडक कायदा केलाच. असा हक्क एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या शेजारच्या हावेरी भागासह (तेव्हा तो धारवाड जिल्ह्यातच होता) काही जिल्ह्यांत सरकार आणि खासगी कंपनीच्या संयुक्त कंपनीला निलगिरी लावण्यासाठी गावांची सुमारे ३०,००० हेक्टर सामाईक जमीन द्यायचे ठरले होते. ज्ञानपीठ विजेते डॉ. शिवराम कारंत सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेत अग्रभागी होते. मार्च १९८७ मध्ये न्यायालयाने आणखी जमीन देण्यास स्थगिती दिली आणि १४ नोव्हेंबर १९८७ रोजी कुसनूरला लोकांनी निलगिरीची रोपे उपटून त्या जागी गावाच्या उपयोगाची झाडे लावली. कन्नडमध्ये याला ‘कित्तिको-हच्चिको’ म्हणतात, उपटा आणि लावा. १९९१ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. कारंत १९८९ मध्ये पर्यावरणाचा मुद्दा घेऊन कारवारकडून लोकसभेलाही उभे राहिले आणि हरले. आज आपला खानापूर विधानसभा मतदारसंघ त्याच उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात मोडतो. कारंतांची हार लोक विसरले, पण कुसनूरची जमीन वाचली. निवडणूक हे यातले एकच हत्यार आहे, हे त्यावरून कळते.

कायदा नेमके काय म्हणतो

घटनेच्या कलम १९(१)(अ) ने बोलण्याचा आणि १९(१)(ब) ने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे. जमण्यावर निर्बंध घालता येतात ते देशाची एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांसाठी, तेही ‘वाजवी’ असतील तरच. ‘वाहतुकीला त्रास’, ‘वरून आदेश आहे’ एवढ्यावर सरसकट नकार टिकत नाही. अहमदाबादच्या हिम्मतलाल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले, की रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येते, पण पोलीस अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली सरसकट नकाराची सत्ता चालणार नाही. अनुराधा भसीन निकालाने (१० जानेवारी २०२०) जमावबंदीबद्दल स्पष्ट केले, की मतभेद दडपण्यासाठी ती वापरता येत नाही, आदेशात कारणे असली पाहिजेत आणि आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे.

दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. ७ ऑक्टोबर २०२० च्या शाहीनबाग निकालाप्रमाणे सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसण्याचा हक्क कुणालाही नाही. म्हणून गोवा रस्त्यावर तंबू ठोकून ‘निर्णय होईपर्यंत उठणार नाही’ म्हणणे न्यायालयात टिकणार नाही. त्याच मागणीसाठी तहसीलदार कचेरीसमोर ठरलेल्या जागी साखळी उपोषण मात्र टिकते.

सीमाभागातल्या मराठी माणसाला जमावबंदी नवी नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारायची आणि व्हॅक्सिन डेपो परिसरात बंदी आदेश काढायचा, हे २०२२ पासून वारंवार घडले आहे. या अनुभवामुळे आपल्याकडे एक समज पक्का बसलाय: मराठी माणसाने अर्ज केला की नकार ठरलेलाच. पण पर्यावरणाच्या प्रश्नावर नकार आधीच गृहीत धरून अर्जच न करणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. अर्ज नसेल तर नकार नाही, आणि नकाराचा कागद नसेल तर न्यायालयात दाखवायला काहीच नाही.

अर्ज: कुणाला, कधी, कसा

आधी हद्द बघा. बेळगाव शहर पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येते, आणि काकती, हिरेबागेवाडी, मारिहाळ ही शहराबाहेरची ठाणीही. हलगा-बस्तवाडचा विधानसौध परिसरही त्यातच. खानापूर, निपाणी, चिक्कोडी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. खानापूरच्या मोर्चाचा अर्ज शहरात देऊन आठ दिवस वाट बघणारे लोक दर वर्षी भेटतात. कोगनोळीजवळ हमरस्त्यावर कार्यक्रम असेल तर आणखी एक गुंता आहे. नाक्याच्या अलीकडे बेळगाव जिल्हा, पलीकडे कोल्हापूर. लोक दोन्हीकडून येणार असतील तर दोन्हीकडे कळवावे लागते, आणि एका बाजूचा आदेश दुसऱ्या बाजूला लागू होत नाही.

अर्ज कार्यक्रमाच्या किमान सात ते दहा दिवस आधी द्यावा. त्याहून उशिरा दिला तर नकार आल्यावर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जायला दिवसच उरत नाहीत. अर्जात लिहायचे ते हे: तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जमण्याची जागा आणि संपण्याची जागा, वाटेतले चौक क्रमाने, अंदाजे माणसे, वाहने किती आणि कुठे लावणार, ध्वनिक्षेपक आहे का, निवेदन कुणाला देणार, आणि जबाबदार तीन जणांची नावे, फोन, सह्या. ‘सुमारे ५,००० लोक’ असे फुगवून लिहू नका. बंदोबस्त पुरणार नाही असे कारण तुम्हीच हातात देता. दोनशे येणार असतील तर दोनशे लिहा.

ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. शिवाय न्यायालय, रुग्णालय, शाळा यांच्याभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र घोषित असू शकते. चन्नम्मा सर्कलहून डीसी ऑफिसकडे (जिल्हाधिकारी कचेरीकडे) जाणाऱ्या मोर्चांना हा मुद्दा नेमका नडतो, कारण न्यायालय शेजारीच आहे. तिथे भोंगा बंद ठेवून घोषणा तोंडाने द्याव्यात. मैदान महापालिकेचे असेल तर तिची परवानगीही लागते.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. घटनेचे कलम ३५० सांगते, की गाऱ्हाणे मांडणारे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे मराठी निवेदन कन्नडमध्ये नाही म्हणून परत करण्याचा अधिकार कुणालाही नाही. तरीही व्यवहाराचे सांगायचे तर मराठी मूळ प्रतीला कन्नड भाषांतर जोडा. फाइल ज्या टेबलांवरून जाते तिथे ती वाचली गेली पाहिजे. हक्क सोडू नका, पण काम अडवूही नका. काहीही झाले तरी दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, सही. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

उत्तरच आले नाही तर? मौन म्हणजे परवानगी असे समजू नका. तीन दिवसांनी स्मरणपत्र द्या आणि त्यात स्पष्ट लिहा: नकार असेल तर कारणासह लेखी कळवावे, आणि दुसरी जागा किंवा वेळ सुचवावी. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. तुम्ही पर्याय मागितला आणि त्यांनी दिला नाही, हे न्यायाधीशांना एका कागदावर दिसते. अधिवेशनाच्या काळात विधानसौधजवळ आंदोलकांसाठी मंडपाच्या जागा ठरवून देतात. तिथे जागा हवी असेल तर अधिवेशनाची तारीख जाहीर होताच अर्ज टाका, कारण दिवसवार नोंदणी भरत जाते.

जमावबंदीचा आदेश हातात आल्यावर

१ जुलै २०२४ पासून जुन्या कलम १४४ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. बोलण्यात अजून ‘एकशे चव्वेचाळीस’च चालते, कागदावर १६३ शोधा. मग चार गोष्टी तपासा: सही कुणाची आहे, कोणता भाग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि कारण काय दिले आहे. असा आदेश दोन महिन्यांहून जास्त चालत नाही. राज्य सरकारने अधिसूचना काढली तरच पुढे सहा महिन्यांपर्यंत वाढतो. कित्येकदा बंदी एखाद्या मैदानाभोवती किंवा ठरावीक तासांपुरती असते आणि लोक मात्र अख्खे शहर बंद समजून घरी बसतात.

आदेश चुकीचा वाटला तर तो काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेच तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो, आणि तुमचे म्हणणे मांडायची संधी देणे त्यांना बंधनकारक आहे. दुसरी वाट म्हणजे उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट. बेळगाव जिल्हा तिथेच जोडलेला आहे, बंगळूरला जायला लागत नाही. सोबत अर्जाची पोच, स्मरणपत्र, आदेशाची प्रत आणि वाटेचा साधा नकाशा न्यावा.

त्या दिवशी

रस्त्याच्या एका कडेने चाला, दर पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक ठेवा, रुग्णवाहिकेला वाट द्या आणि ती देताना व्हिडिओ काढा. रस्ता पूर्ण अडला तर भारतीय न्याय संहितेचे (जुन्या दंडविधानाची जागा घेतलेल्या कायद्याचे) कलम २८५ लागते, दंड ५,००० रुपयांपर्यंत. ते सोसण्यासारखे आहे. सोसण्यासारखे नाही ते कलम १३२, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी केलेली झटापट. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. बॅरिकेड हलवताना कॉन्स्टेबलच्या छातीला लागलेला एक हात पुरतो. म्हणून पहिल्या रांगेत तापट पोरे नकोत, शांत आणि वयाने पोक्त माणसे हवीत. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोर्चात आणूच नये.

आणि इथे सीमाभागाची खास अडचण सांगितली पाहिजे. आंदोलन झाडाचे असते, एक घोषणा चुकते आणि दुसऱ्या दिवशी बातमी होते कन्नड-मराठी वादाची. झाड बाजूलाच राहते. दोन भाषिक गटांत वैर वाढवल्याचा आरोप कलम १९६ मध्ये बसतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि तोही अजामीनपात्र. फलक दोन्ही भाषांत असावेत, भाषणे दोन्ही भाषांत व्हावीत आणि घोषणांची यादी आदल्या रात्री ठरवून छापलेली असावी. बळ्ळारी नाल्याचे पाणी शेतात घुसते ते शेतकरी येळ्ळूरचा की हलग्याचा, घरी कोणती भाषा बोलतो, हे बघून घुसत नाही. म्हादई नदीचे पाणी वळवण्याच्या प्रश्नातही हे भान हवे. म्हादईला मिळणाऱ्या कळसा-बंडुरी या नाल्यांचे पाणी मागत नरगुंद-नवलगुंदचा शेतकरी जुलै २०१५ पासून धरणे धरून बसला. त्याची तहान खरी आहे. कणकुंबीच्या रानाची आणि नदीच्या उगमाची काळजीही खरी आहे. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले, त्यातले कळसा-बंडुरी वळवण्यासाठी ३.९. विरोध करायचा तर या आकड्यांवर, वळवण्याच्या पद्धतीवर, जंगलावरच्या परिणामावर करा.

आंदोलन जंगलाच्या आत नेऊ नका. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे हाच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, राखीव जंगलात शिरणे कर्नाटक वन कायद्याखाली. लापोइन्याचा धडा इथे थेट लागू पडतो: हद्द कुठे आहे हे आधी माहीत करून घ्या. गावनकाशा मिळवा, वनखात्याच्या हद्दीचे दगड बघून या, आणि सार्वजनिक रस्त्यावर, दगडाच्या अलीकडे उभे राहा. जंगलातल्या गावचे रहिवासी असाल तर वनहक्क कायद्याखालचे तुमचे हक्क वेगळे आहेत. ते ग्रामसभेच्या ठरावातून मांडा, बाहेरून आलेल्या मोर्चात मिसळू नका.

ताब्यात घेतले तर

बहुतेक वेळा पोलीस बसमध्ये घालून एखाद्या मैदानावर किंवा मंगल कार्यालयात नेतात आणि संध्याकाळी सोडतात. हे प्रतिबंधात्मक ताब्यात घेणे, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७०. चोवीस तासांच्या पुढे असे ठेवता येत नाही. अटक असेल तर कारण सांगितले पाहिजे, घरच्या एकाला कळवले पाहिजे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अपवादात्मक परिस्थितीशिवाय अटक करता येत नाही. ताब्यातल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. मार लागला असेल तर वैद्यकीय तपासणी मागा आणि तसे लेखी नोंदवा.

कन्नडमधल्या कागदावर न वाचता सही करू नका. वाचून दाखवा, भाषांतर सांगा, असे म्हणा. शांतता राखण्याचा बाँड मागितला (त्याच संहितेचे कलम १२६) तर त्याची मुदत एक वर्षापर्यंत असते आणि त्या काळात पुन्हा गुन्हा नोंदला गेला तर रक्कम जप्त होऊ शकते. ब्राउन यांनी अट नाकारून १९ दिवस काढले ते त्यांच्या विचाराने. रोजंदारीवर घर चालवणाऱ्या माणसाने बाँडवर सही करून घरी जाणे यात कमीपणा काहीही नाही. चळवळीने दोघांनाही मान दिला पाहिजे.

पुढची केस बहुधा न्याय संहितेच्या कलम १८९ (पाच किंवा अधिक लोकांचा बेकायदा जमाव) आणि २२३ (आदेशभंग) यांची असते. २२३ मध्ये एक बारीक पण मोठी गोष्ट आहे. संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय या कलमाची दखल घेऊ शकत नाही, नुसता पोलिसांचा एफआयआर पुरत नाही. कित्येक खटले इथेच पडतात, म्हणून वकिलाला हा मुद्दा पहिल्या तारखेलाच दाखवायला सांगा. समन्स आले की हजर राहा. गैरहजर राहिल्याने निघालेल्या वॉरंटमुळे जेवढी मुले अडकतात तेवढी मूळ आरोपामुळे अडकत नाहीत. न्यायालयात खटला चालू असताना पासपोर्ट हवा असेल तर त्या न्यायालयाची परवानगी काढावी लागते. ती मिळते, वेळ लागतो.

निवडणूक लढवणाऱ्याला नुसत्या प्रलंबित केसमुळे अपात्रता येत नाही, शपथपत्रात ती लिहावी मात्र लागते. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तर अपात्रता येते. ‘सरकार आले की केसेस मागे घेऊ’ हे आश्वासनही जपून ऐका. सरकारी वकील खटला मागे घेऊ शकतो तो न्यायालयाच्या संमतीनेच. आरोपी आजी-माजी आमदार-खासदार असेल तर ऑगस्ट २०२१ च्या आदेशाप्रमाणे उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तुमच्यासोबत रस्त्यावर बसलेल्या आमदाराची केस तुमच्याआधी सुटेल असे नाही.

मिळालेल्या वेळेत काय करायचे

मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी कागदाचे काम सुरू झाले पाहिजे. झाडांसाठी: कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ प्रमाणे सार्वजनिक कामासाठी ५० हून अधिक झाडे तोडायची असतील तर वृक्ष अधिकाऱ्याने लोकांच्या हरकती मागवल्या पाहिजेत. त्या मागवल्या का, परवानगीची प्रत, झाडांची यादी, हे माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. पाच विषय एका अर्जात कोंबले की तो परत येतो, म्हणून पाच अर्ज करा.

मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते. तिची नोटीस ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश डीसी ऑफिसात आणि पंचायतीत ठेवतात. मराठी सारांशाची मागणी नोटीस आल्याच्या आठवड्यातच लेखी करा. जिथे अल्पभाषिक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याचे धोरण आहे, त्याचा हवाला द्या. सुनावणीवर बहिष्कार घालण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. आमचे मत उलट आहे. बाहेर घोषणा खुशाल द्या, पण आत जाऊन लेखी हरकत द्या आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात तेव्हा तुमचा मुद्दा त्यात आला का हे ऐकूनच बाहेर पडा. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. तुम्ही गेला नाहीत तरी ती झाली असेच धरले जाते.

सगळे संपल्यावर हरित लवाद आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत, योग्य कारण दिल्यास आणखी ६० दिवस. इतर पर्यावरणाच्या तक्रारी सहा महिन्यांत, त्यातही ६० दिवसांची सूट. भरपाई मागत नसाल तर फी १,००० रुपये. बेळगावहून पुणे जवळ, म्हणून पुष्कळ जण पुण्याच्या पीठाकडे कागद तयार करतात आणि तिथून परत येतात. कर्नाटक चेन्नईच्या पीठाला जोडलेले आहे. प्रदूषणाचा उगम महाराष्ट्रात असेल, म्हणजे वरच्या गावातले सांडपाणी नदीतून आपल्याकडे येत असेल, तर मात्र कारणाचा काही भाग तिकडे घडला म्हणून पुण्यातही जाता येते. मुदत मोजायची ती मंजुरीची प्रत संकेतस्थळावर टाकल्याच्या किंवा तुम्हाला कळवल्याच्या दिवसापासून. तो दिवस कोणता हे दाखवणारा कागद मोर्चाच्या पोचपावतीसोबत एकाच फाइलीत ठेवा, आणि फाइलीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी.